रजिस्टरचं मागचं पान

रात्री अकरा ते सकाळी सात.
सीपीआरचा तळमजला, मोबाईलला रेंज नाही.
अकरा वर्षं झाली
मी लोकांना सांगतेय, हलू नका. श्वास धरा. सोडा.

पुढच्या पानांवर छापील रकाने:
नाव, वय, गाव, कुठलं हाड, कुणाची चिठ्ठी.
मागच्या पानावर मी पेन्सिलीनं एक वाढवला:
झोप.
कुणी सांगितलं नव्हतं.
केरबा आला त्या रात्रीपासूनची खोड.

केरबा, शिरोलीत भट्टीवर तिसरी पाळी,
दिवसा दुसऱ्याची रिक्षा.
आठवड्यात मिळून किती झोपलास रे?
बोटं मोजायला त्यानं हात उचलला
आणि मोडलेला तोच होता.
दोघंही हसलो.
रात्री तीनला कशाचंही हसू येतं.

मग विचारतच गेले.
वडणग्याच्या आक्काताई, खुबा.
"झोपतीया की. शिरेल संपली की पडतीया,
म्हस हंबरली की उठतीया."
मधले तास किती ते म्हशीलाच ठाऊक.
चिकोडे मास्तर दुपारभर घोरायचे
आणि रात्रभर घड्याळाशी हुज्जत.
अर्धी गोळी घेतली, मग उरलेली अर्धी,
मग न्हाणीचा उंबरा.
हुपरीचा दस्तगीर, पैंजणं डागणारा,
मनगट धरून उभा:
"झोप ना? सीझन सरू दे, मग घेऊ."
उधारीची वस्तू असावी तसं म्हणाला.

डॉक्टर विचारतात, पडलात कसे?
सगळ्यांचाच पाय घसरलेला असतो.
मला मात्र काचेवर आतलं दिसतं:
काही हाडं पावसाळ्यात घाम सुटलेल्या गुळाच्या ढेपेसारखी,
वरून रवा धरून,
बोट दाबलं तर खचणारी.

नव्या डॉक्टरला एकदा ते पान दाखवलं.
"संबंध असतो म्हणतात," तो म्हणाला,
"हाडाची डागडुजी बरीचशी रात्रीच चालते.
कमी झोप वाईट, भलतीच जास्त तीही बरी नाही,
आणि झोपाळलेला माणूस पडतोही लवकर.
पण पेन्सिलीनं काही सिद्ध होत नाही, मॅडम."
आणि त्यानं एवढी मोठी जांभई दिली
की मी त्याचाही आकडा विचारला.
तीस तास, सलग जागा.
लिहून ठेवला. हाड नाही, नुसता आकडा.

गुरुवार होता.
पाळी संपवून गुजरीमागच्या खोलीवर आले,
एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्यात डबा.
तिसरी पायरी रोजच्याच जागी होती.
माझं पाऊल नव्हतं.
दूध आधी फुटलं की मनगट, आता सांगता येत नाही.

"हलू नका, मॅडम," श्रेणिक म्हणाला.
माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा,
माझंच वाक्य, माझ्याच सुरात.
मग रजिस्टर उलटं केलं त्यानं.
"झोप किती लिहू?"
"सात तास."
"सलग?"
मी वरच्या ट्यूबलाइटकडं बघितलं.
पंख्याच्या कडेला पाकोळी चिकटलेली.
"लिही की," म्हटलं.
तो थोडा वेळ पेन्सिल धरून बसला.
काय लिहिलं ते मी अजून बघितलेलं नाही.

सहा आठवडे प्लास्टर.
पहिले काही दिवस तीनला टक्क जाग,
अंधारात हात बटण शोधायचा,
प्लास्टर भिंतीवर आपटायचं,
शेजारची आबोली ठोकून विचारायची, काय हवंय का?
काही नको गं. बारा नंबरचा पेशंट आत घेत होते.

काल रात्री आबोलीनं भाकरी कुस्करून दिली,
नऊला दिवा मालवला.
सकाळी ती चहा घेऊन आली, म्हणाली,
"आज काकडारतीला घंटा किती घुमत होती देवळात!"

मला ऐकूच आली नाही.
उशीवर लाळेचा डाग होता
आणि प्लास्टरच्या आत, कोपराखाली,
खाज सुटली होती.